सवय असते त्यांना

"सवय असते रे त्यांना, आपल्यासारखं दुखत नाही." ऊसतोड बायकांच्या पाठदुखीवरून घरच्या ग्रुपवर वाद चालला होता. त्यात दादाने हे लिहिलं आणि माझी झोप उडाली.

मी अटलांटात फिजिओथेरपिस्ट आहे. याच शहरातल्या एका इमर्जन्सी विभागाचा अभ्यास 2000 साली छापून आला. हातापायाची हाडं मोडून आलेल्या गोऱ्यांपैकी 74 टक्क्यांना वेदनाशामक मिळालं, काळ्यांपैकी 57 टक्क्यांना. दुखतंय ही तक्रार मात्र दोघांच्याही कागदांवर सारखीच होती. 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तर काळ्यांची कातडी जाड असते यासारखी एखादी तरी खोटी समजूत निम्म्यांना खरी वाटत होती. दादा, तुझं वाक्य त्याच माळेतलं आहे.

आमच्याकडे तेरा प्रश्नांचा एक कागद असतो. दुखण्याने मनात किती घर केलंय ते त्यावर मोजतात, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण. इथल्या कितीतरी अभ्यासांत काळ्या रुग्णांची बेरीज गोऱ्यांपेक्षा जास्त येते, आणि बेरीज जास्त असली की दुखणंही सहसा जास्त छळतं. सुरुवातीची काही वर्षं मीही ती बेरीज बघून 'हिने मनाला लावून घेतलंय' असं ठरवून मोकळा व्हायचो. मग एक साठीची काळी बाई आली. 'दुखणं थांबेल की नाही याची सतत काळजी वाटते' या ओळीपुढे तिने 4 लिहिला आणि शेजारी बारीक अक्षरात तारखा. डॉक्टरला सांगून रिकाम्या हाताने परतली त्या दिवसांच्या. सात होत्या. मन असं उगाच होत नाही, दादा. त्याला तसं केलं जातं.

इकडे निदान हे मोजतात तरी, आपल्याकडे ऊसतोड बाईची कळ कोण मोजतो, असं मी ग्रुपवर ठणकावलं. दादाने एवढंच विचारलं, "तू किती जणींना विचारलंस?"

दर दिवाळीनंतर आमच्या शेताकडेला बीडकडच्या लोकांच्या कोप्या पडायच्या. एक मावशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. आई तिला ताक द्यायची. खाली उतरली की ती दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा वेळ तशीच उभी राहायची. मला वाटायचं, ट्रक किती भरला ते बघतेय.