चौरस फुटाचा दर आणि राड्याचा हिशेब

फरशीच्या पॉलिशचा दर चौरस फुटावर ठरतो. त्यातून निघणाऱ्या राड्याबद्दल, म्हणजे घासलेल्या दगडाच्या चिखलाबद्दल, मात्र दर ठरवताना कोणीही चकार शब्द काढत नाही. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात बैठकीला कोटा फरशी आणि पडवीला शहाबादी आहे. पहिली राजस्थानची आणि दुसरी कलबुर्गीकडची असली, तरी 2005 आणि 2019 च्या महापुरांत कृष्णामाईने दोघींवरही समान न्यायाने गाळ पसरला होता. तेव्हापासून कोट्याचे तेज असे काही गेले, की पुसल्यावर फरशी स्वच्छ झाली आहे की नुसतीच ओली, हे अंगठा घासून पाहावे लागे. दिवाळी तोंडावर आल्यावर अण्णांनी फर्मान काढले, "बैठकीत चेहरा दिसला पाहिजे." कोणाचा, हे विचारण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

मिस्त्री आले, त्यांनी नखाने एक सांधा खरवडून पाहिला आणि "व्हतंय की, त्यात काय अवघड हाय?" असा निर्वाळा दिला. यंत्र सुरू होताच घरातले ईएलसीबी पडले. वर केले, तर पुन्हा पडले. जमिनीकडे 30 मिलिअँपिअरच्या आसपास वीज गळू लागली की पुरवठा तोडायचा, एवढेच त्या बिचाऱ्याचे काम. परंतु मिस्त्रींच्या मते दोष त्यांच्या सोललेल्या वायरीचा नसून आमच्या अतिसावध वायरमनचा होता. "ते बायपास करा की सायेब," ही सूचना त्यांनी पाण्यात अनवाणी उभे राहून केली, हे विशेष. मी ठाम नकार दिल्यावर त्यांनी बराच वेळ रुसून अखेर वायर बदलली.

पहिला हात 60 नंबरच्या, म्हणजे सर्वांत भरड दगडाचा असतो. शेजारच्या फरश्यांच्या वरखाली राहिलेल्या कडा एका पातळीत आणायचे काम त्याचे, आणि खरा राडा निघतो तोही याच हाताला. चुनखडकाचे पीठ, सांध्यांतले सिमेंट, घासणाऱ्या दगडाची झीज आणि पाणी यांचे ते हिरवट करडे मिश्रण भिंतीवर उडते, दाराच्या फटीतून सरकते आणि माणसाच्या पायाला धरून थेट देवघरापर्यंत जाते. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीकराला पाठ असते; आमच्या आईने त्याच धर्तीवर उंबरठ्याशी रचलेल्या बारदानाची पहिली घडी भिजली की इशारा आणि दुसरी भिजली की धोका, असे जाहीर करून सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली.

तिचा अधिकार वादातीत होता, कारण गाळ हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. पूर ओसरू लागला की उतरत्या पाण्याबरोबरच गाळ बाहेर लोटायचा असतो. एकदा वाळला की तो घरचाच होतो, हे गावभागात कोणाला शिकवावे लागत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात मिस्त्रींच्या पोऱ्याने पंखा लावताच तिने तो कडाडून बंद करवला. तिचे म्हणणे किती खरे होते, ते वायपर फिरवताना कळले. रबराची पट्टी ओढली की मागे फरशी काळीभोर, निर्मळ दिसते. मग कडेकडेने पांढरट झाक चढू लागते आणि बघता बघता सगळी फरशी भस्म फासून बसते. पुन्हा पाणी, पुन्हा वायपर. सांध्यांत बसलेला राडा तर दात घासायच्या जुन्या ब्रशनेच निघतो, आणि जुने ब्रश फेकून द्यायची सवय घरात कोणी लावली, यावर स्वतंत्र चर्चा झाली.

सर्वांत मोठा प्रसंग मोरीचा. पोऱ्याने भरलेली बादली मोरीकडे कलती केली मात्र, आईचा आवाज गणपती मंदिरापर्यंत गेला असावा. हे पीठ वजनदार असते. पाइपाच्या वळणात ते खाली बसते आणि तिथेच घट्ट झाले, तर पाइप फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाठोपाठ भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अण्णा, तुमचा राडा आमच्या चेंबरात येऊ द्यायचा नाही हं!" म्हणून बादल्या, घमेली, अंघोळीचे पिंप अशा मिळेल त्या भांड्यांत राडा भरून रात्रभर न हलवता ठेवला. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला चक्क्यासारखा घट्ट थर! वरचे पाणी पुढच्या हाताला वापरले आणि थर खरवडून सिमेंटच्या रिकाम्या गोणींत भरला. त्या गोणी अजून अंगणात आहेत, कारण घंटागाडीवाला त्यांच्याकडे पाहून फक्त घंटा वाजवतो.

120 आणि 220 नंबर विनातक्रार पार पडले. 400 नंबरनंतर फरशी अशी गुळगुळीत, मंद झाली होती की तिथेच थांबावे, असे माझे मत होते. आरशासारख्या फरशीवर पाणी सांडले तर आईच्या गुडघ्यांचे काय, हा मुद्दाही मी मांडला. अण्णांनी उत्तरादाखल ट्यूबलाइटकडे बोट दाखवले. फरशीत तिचे प्रतिबिंब अद्याप पुसट होते, आणि दोन फरश्यांच्या सांध्यावर ते किंचित मोडत होते. अखेर स्वयंपाकघराकडे जाणारी वाट 400 वर सोडायची आणि उरलेली बैठक चकचकीत करायची, असा तह झाला. शेवटी मिस्त्रींनी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड उघड्या हाताने, रांगोळी घालावी तशी भुरभुरली. ती विषारी असते म्हणून मी हातमोजे दिले. त्यांनी ते आदराने खिशात ठेवले.

चेहरा दिसतो आहे. परंतु चुनखडकाला आंबटाचे वावडे असते. लिंबाचा एक थेंब पडून राहिला तरी चकाकीवर कायमचा डाग पडतो, ही माहिती मिस्त्रींनी पैसे मोजून घेतल्यावर दिली. तेव्हापासून बैठकीत भडंग कोरडेच मिळते. ज्यांना वर लिंबू पिळून हवे, त्यांनी बशी घेऊन पडवीत जावे, असा अण्णांचा नियम आहे. त्यामुळे दिवाळीला आलेली झाडून सगळी मंडळी पडवीतल्या खडबडीत शहाबादीवर दाटीवाटीने बसली होती आणि बैठकीत अण्णा एकटे.