हॉर्न चांगलेच आहेत, पण तुम्ही सांगता त्या कारणांसाठी नाही

जुन्या हॉर्न स्पीकरांची, म्हणजे पडद्यापुढे भोंगा बसवलेल्या स्पीकरांची, आरती ओवाळणारा एक मजकूर हल्ली सगळीकडे फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: दोन वॅटच्या ॲम्प्लिफायरवर घर दणाणतं, म्हणजे हाच आवाज सर्वांत खरा. हॉर्नमध्ये विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भेसळ, नसते. कोणत्याही खोलीच्या कोपऱ्यात ढकला, काम झालं. साठ वर्षांच्या जुन्या मालाला आतून हात लावू नका, जादू जाईल. आणि हे सगळं मागे पडलं ते निव्वळ कंपन्यांच्या लोभापायी.

माझ्याकडे कोपऱ्यात बसणारी अशीच एक जुनी जोडी आहे आणि ती विकायचा विचार नाही. म्हणूनच हे लिहितोय. आपल्या आवडत्या गोष्टीची चुकीच्या कारणांसाठी स्तुती झाली की जास्त टोचतं.

‘दोन वॅट पुरतात, म्हणजे आवाज खरा’

पहिला भाग बरोबर आहे. अमेरिकन अभियंता पॉल क्लिप्श यांच्या 1946 पासून बनत आलेल्या क्लिप्शहॉर्न या कोपऱ्यात बसणाऱ्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटवर एक मीटरवर मिळणारा आवाज, 105 डेसिबल सांगितली जाते. आजचे बरेचसे छोटे स्पीकर 85 ते 88 मध्ये असतात. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वॅट. घरात रोजच्या आवाजात ऐकताना असा हॉर्न सरासरी एका वॅटचा शंभरावा भाग खातो. छोट्या स्पीकरमध्ये दिलेल्या विजेचा अर्धा टक्काही आवाज होत नाही, उरलेल्या विजेने कॉइल तापते. शंकूसारखा पडदा हवेला ढकलतो तेव्हा हवा त्याला फारसा विरोधच करत नाही, त्यामुळे सगळी मेहनत वाया. हॉर्न मध्ये येतो आणि पडद्याची हवेवरची पकड वाढवतो, सायकलच्या गिअरसारखी.

पण यातून ‘खरा’ कुठून आला? कार्यक्षमता म्हणजे किती वीज आवाजात उतरली एवढंच. सपाट प्रतिसादाशी, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने येण्याशी, तिचा संबंध नाही. उलट ॲम्प्लिफायरची सगळी खोटही त्याच वीस डेसिबलनी मोठी होते. पहिल्या दिवशी मी गाणं थांबवलं आणि ट्विटरमधून (वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरमधून) पाऊस पडत असल्यासारखी सळसळ ऐकू आली. तोच ॲम्प्लिफायर आधीच्या स्पीकरवर मुका वाटायचा. शिवाय दोन-तीन वॅटचे जे ट्यूब ॲम्प्लिफायर लोक हॉर्नला जोडतात, त्यांचा आउटपुट इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला आतून होणारा अडथळा) बऱ्याचदा जास्त असतो. स्पीकरचा इम्पीडन्स जिथे वर-खाली होतो, तिथे आवाजही वर-खाली होतो. तो ‘उबदारपणा’ बऱ्याच वेळा इथून येतो.

‘हॉर्नमध्ये विकृती नसते’

हॉर्नची खरी बाजू इथेच आहे, आणि नेमकी हीच त्या मजकुरात धड मांडलेली नाही. हॉर्नमुळे पडद्याला फार हलावं लागत नाही. हालचाल कमी, म्हणून बासच्या झटक्यांनी वरचे सूर ढवळून निघत नाहीत. अशा ढवळण्यालाच मॉड्युलेशन विकृती म्हणतात, आणि क्लिप्श यांनी यावर वर्षानुवर्षं मोजमापं करून लेख लिहिले. ड्रमवर काठी पडते तो क्षण हॉर्नवर जसा येतो तसा छोट्या पेटीतून येत नाही, हे मी डोळे मिटून मान्य करतो.

पण विकृती कमी म्हणजे रंग नाही, असं थोडंच आहे! हॉर्नचं तोंड पुरेसं मोठं नसेल तर आवाज तोंडापर्यंत येऊन थोडा परत घशाकडे, म्हणजे हॉर्नच्या अरुंद टोकाकडे, फिरतो. प्रतिसादात चढ-उतार पडतात आणि गाणारा माणूस ओंजळीतून गातोय असं वाटतं. कर्णा, भोंगा ही नावं उगाच पडलेली नाहीत. साधे एक्स्पोनेन्शियल (ठरावीक पटीने रुंदावत जाणारे) हॉर्न वरच्या पट्टीत झोत आवळतही नेतात: समोर बसलात तर लखलखीत, दोन हात बाजूला सरकलात की मंद. यावर 1970च्या दशकात अभियंता डॉन कील यांनी स्थिर पसरावाचे हॉर्न काढले, म्हणजे हा दोष हॉर्नवाल्यांनीच ओळखून सुधारला होता. जुनी जोडी घेणाऱ्याच्या वाट्याला तो न सुधारलेला येतो.

आणि धातूचा हॉर्न वाजतो. माझ्या मधले सूर काढणाऱ्या हॉर्नवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर ‘टण्ण’ असा आवाज बराच वेळ रेंगाळायचा. बाहेरून चिकणमातीसारख्या चिकट पट्ट्या दाबून बसवल्या, आता ‘टक्’ होतं आणि विषय संपतो. स्त्रीच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाचा कर्कशपणा त्या दुपारीच निम्मा झाला. आपण ज्याला ‘हॉर्नचा जिवंतपणा’ म्हणत होतो त्यात थोडी ही घंटाही होती!

‘कोणत्याही खोलीत, कोपऱ्यात ढकला’

40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 8.6 मीटर. ती मोकळ्या हवेत नीट सोडायची तर हॉर्नच्या तोंडाचा घेर तेवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटरच्या आसपास. दोन भिंती आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात क्षेत्रफळ एक अष्टमांश पुरतं, पाऊण चौरस मीटर. क्लिप्श यांची करामत इथे आहे: त्यांनी खोलीलाच हॉर्नचा शेवटचा भाग बनवलं.

म्हणजे भिंत ही त्या स्पीकरचा सुटा भाग आहे. माझ्या भिंतीला खाली लाकडी पट्टी होती. तिच्यामुळे पेटी भिंतीपासून बोटभर लांब राहिली. बास पोकळ, आणि मी महिनाभर ॲम्प्लिफायर बदलत बसलो. एकदा सहज त्या फटीजवळ तळहात धरला तर प्रत्येक ठोक्याला वाऱ्याची झुळूक लागत होती. पाइपवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून फटीत भरली. तळाचा आवाज परत आला. कोपऱ्यात दार, खिडकी किंवा पडदा असेल तर हेही जमणार नाही. एकाच भिंतीला असे दोन मोकळे कोपरे लागतात आणि त्यांच्यामधलं अंतर खोली ठरवते, तुम्ही नाही. वर कोपरा म्हणजे खोलीतले सगळे अनुनाद सर्वांत जोरात जागे करणारी जागा.

‘आत हात लावू नका’

क्रॉसओव्हरमधले, म्हणजे तळाचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणाऱ्या सर्किटमधले, कपॅसिटर म्हातारे होतात. अंतर्गत रोध वाढतो, ट्विटरला जाणारी पातळी घसरते आणि तोच आवाज मग ‘मधुर’ म्हणून विकला जातो. मूळ क्षमतेचेच (कपॅसिटन्सचे) नवे घाला, जुने डब्यात ठेवा, पटलं नाही तर परत जोडा. जुनी चुंबकं चांगली होती म्हणणाऱ्यांपुढे मात्र मी अर्धी हार मानतो: 1978 मध्ये कोबाल्ट दुर्मीळ आणि महाग झाल्यावर बऱ्याच कारखान्यांनी अल्निको (कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचं चुंबक) सोडून फेराइट (कोबाल्टविना बनणारं चुंबक) धरलं. तो निर्णय कानांनी नव्हे, हिशेबवहीने घेतला. तरी फेराइट म्हणजे वाईट, हे त्यातून सिद्ध होत नाही.

‘लोभापायी बंद पाडले’

मुळात बंद पडले नाहीत, क्लिप्शहॉर्न आजही बनतो. घराघरांतून गेले त्याची कारणं साधी आहेत. 1954 मध्ये संशोधक एडगर विलचर यांच्या सीलबंद पेटीने लहान आकारात खोल बास दिला. 1958 मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड आल्या आणि एका कपाटाच्या जागी दोन कपाटं लागू लागली. मग ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. बास, कार्यक्षमता आणि लहान पेटी या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. लोकांनी कार्यक्षमता सोडली.

आणि कोपऱ्यावाचून चालणारी, बाससाठी हॉर्न नसलेला साधा वूफर (तळाचे सूर काढणारा मोठा स्पीकर) लावलेली आटोपशीर पेटी 1957 मध्ये कोणी काढली? खुद्द पॉल क्लिप्श यांनी. नाव ठेवलं ‘हेरेसी’, म्हणजे पाखंड.