लघवी साफ म्हणजे प्रोस्टेटही साफ?

'पुरुषांनो, लघवी साफ होत असेल तर प्रोस्टेटची चिंता सोडा. पीएसए टेस्ट हा निव्वळ धंदा आहे. बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो.' हा मेसेज तीनदा आला, मी तीनदा पुसला. चौथ्यांदा तो मामांनी पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मी रात्री एकदाही उठत नाही. आता परत टेस्ट नको.' मामा ६४ वर्षांचे, आणि आजोबांना हाच कॅन्सर होता.

तर आधी लघवीचं बघू. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वयानुसार ही ग्रंथी फुगते ती नळीला लागून, आतल्या भागात. म्हणून धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. तो कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेकदा सुरू होतो बाहेरच्या कडेला, गुदाशयाच्या बाजूला, नळीपासून लांब. तिथे तो वर्षानुवर्षं वाढला तरी धारेला पत्ता लागत नाही. काहींची पहिली तक्रार कंबरदुखीची असते, म्हणजे तोवर तो हाडांत पोचलेला असतो. कॅन्सर बरा होण्याजोगा असतो त्या काळात लघवी बहुधा साफच असते, मामा!

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन, रक्त तपासून त्याचा आकडा काढतात. या टेस्टबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. जंतुसंसर्गानं, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनंही आकडा चढतो. कधीच त्रास न देणारे कॅन्सर सापडून नाहक ऑपरेशनंही झाली आहेत. पण धंदा? युरोपात १९९३ पासून आठ देशांतल्या ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १,६२,००० पुरुषांवर अभ्यास चालला. २३ वर्षांनी पाहिलं तर तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. ४५६ जणांना बोलावलं तेव्हा एकाचा मृत्यू टळला. आकडा मोठा नाही, मी फुगवणार नाही. पण ज्याच्या बापाला हा आजार होता त्याची जोखीम साधारण दुप्पट असते, त्यानं तरी हा हिशेब उडवून लावू नये. आणि हल्ली आकडा वाढला की लगेच सुरी नसते. पुष्कळ ठिकाणी आधी एमआरआय होतो, सौम्य कॅन्सर निघाला तर नुसती नजर ठेवतात.

सुईनं पसरण्याचं म्हणाल तर तसं झाल्याची उदाहरणं अगदीच विरळा. खरी भीती संसर्गाची आणि रक्तस्रावाची, ती मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

मामा, गुरुवारी टेस्ट आहे. मंगळवारपासून सायकल बंद. नाहीतर तिच्यापायी आकडा चढायचा आणि तुम्ही मला पाचव्यांदा तोच मेसेज पाठवाल.