५८८ रुपयांचं डोकं

नितीन आमच्या फोंड्याच्या कट्ट्यावर आला तोच बिल फडकवत. मानेवर अजून पावडर होती, कानाच्या वरचे केस इतके बारीक की खालची कातडी निळसर दिसत होती. "बघा. केस कापण्यावरचा जीएसटी अठराचा पाच टक्के झाला. स्वच्छ लिहिलंय."

शंभू मिरची-पाव खात होता. एका हातानं त्यानं बिल ओढून घेतलं. वीज खात्यात आयुष्य गेलेला माणूस, आकडे वाचायला त्याला चष्मा लागत नाही. "केस कापणे ५६०. वर २८. झाले ५८८. आणि चवथीच्या आधी कितीला बसला होतास?"

"५९०."

"म्हणजे ५०० वर अठरा टक्के, नव्वद रुपये. कर उतरला तसा मूळ दर चढला. दिल्लीहून निघालेली सूट फोंड्यात पोचेपर्यंत दोन रुपयांची झाली रे."

"तसं नसतं ते," नितीन म्हणाला. "आता त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. दुकानाचं भाडं, एसी, शॅम्पू, सगळ्यावर भरलेला कर आधी वळता व्हायचा. आता अंगावर पडतो."

क्रेडिटचं तो बोलला ते बरोबर आहे. पण एका डोक्यामागे साठ रुपयांचा शॅम्पू कुठला, हे विचारल्यावर त्यानं मोबाईलची काळी काच समोर धरून भांग नीट केला.

उमेशचं औषधाचं दुकान आहे, तो आठ वाजता शटर अर्धं ओढून येतो. त्याला वेगळीच खंत. "कर उतरला तोही नेमका २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. त्याआधी पितृपक्ष. अर्धा फोंडा त्या दिवसांत केसांना हात लावत नाही. कोणासाठी उतरवला?"

"तुझ्यासाठी नव्हेच," शंभू म्हणाला. "तू केस कापायचे दीडशे देतोस. आपण जातो त्या दुकानाला जीएसटी कधी होता?" त्यानं तिथंच हिशेब मांडला. दिवसाला वीस डोकी धरली तर तीन हजार. महिन्याचे सव्वीस दिवस, ७८ हजार. वर्षाचे नऊ लाख ३६ हजार. वीस लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. "त्याच्या दुकानात कर चढला नाही, उतरला नाही. मघापासून आपण भांडतोय ते नितीनच्या एसीवरून."

नितीन चिडला. एसीचा प्रश्नच नाही, म्हणाला, प्रश्न कन्सल्टेशनचा आहे. तिथं आधी पाच मिनिटं चेहरा बघतात, जबड्याचा आकार बघतात, मग बाजूला दोन नंबर, वर टेक्स्चर, मध्ये फेड. आणि हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं, नाहीतर शेप जातो.

"दोन नंबर म्हणजे किती, ठाऊक आहे?" शंभूनं विचारलं. "मशीनच्या फणीवर लिहिलेलं असतं. एक नंबर तीन मिलिमीटर, दोन नंबर सहा. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, पंधरा दिवसांत अर्धा. अर्ध्या सेंटिमीटरचे ५८८. सोनं स्वस्त पडेल तुला."

"आणि दोन नंबर म्हटल्यावर आम्हाला मटकाच आठवतो," उमेश म्हणाला. मग मटका, मग कसिनो, मग उमेशच्या मेहुण्यानं पणजीत एका रात्रीत घालवलेले पैसे. उमेशला ते मेहुण्याचं प्रकरण काढलेलं आवडत नाही. दहा मिनिटं तो कोणाशी बोलला नाही.

मला विचाराल तर केस कापायला जाताना मला फक्त एक गोष्ट हवी असते. कात्री धरणाऱ्याला माझं डोकं माहीत असावं. मी कट्ट्यावर हे म्हटलं आणि नितीन हसला, "म्हणजे काय, डोक्याला आधार कार्ड आहे का?" आहे. माझ्या उजव्या कानामागे लहानपणी पायरीवर आपटलेली खूण आहे, तिथं केस येत नाहीत. भोवरा मधोमध नाही, डावीकडे सरकलेला आहे आणि उलटा फिरतो. भोवऱ्यावर केस बारीक झाले की ते उभे राहतात, म्हणून तिथं बोटभर जास्त ठेवावे लागतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही, आमच्या दुकानातल्या कारागिराच्या बोटांना ते ठाऊक होतं. तो डाव्या कानापासून सुरू करायचा. दोन बोटांनी कानाची पाळी खाली दुमडायचा, आणि केसावर कात्री टेकण्याआधी दोनदा हवेतच चालवायचा, कच्-कच्. दाढीला बसलं की पातं कागदासकट मधोमध मोडून दोन तुकडे समोर दाखवायचा, एक उस्तऱ्यात, दुसरा परत कागदात. शेवटी ओली तुरटी. ती झोंबली की समजायचं, कुठंतरी लागलं होतं.

लहान असताना खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून तो मला वर बसवायचा. ज्या वर्षी त्यानं फळी न काढता नुसतं "बस" म्हटलं, त्या दिवशी मी घरी धावत येऊन आईला सांगितलं होतं.

"मला तो चांगला आठवतो," मास्तर म्हणाले. मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे, आमच्यातल्या दोघांना त्यांनी शाळेत शिकवलंय. "त्याच्या वडिलांकडे माझे वडील जायचे. माझे वडील फुलावाले. त्याचे दोन पानांवाले."

एवढं म्हटलं की फोंड्यात पुढचं सांगावं लागत नाही. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा, दोन पानं म्हणजे वेगळा ठेवा. मी सोळा वर्षांचा होतो, मास्तर सांगू लागले, मत नव्हतं, पण घोषणा होत्या. वडील खुर्चीत, तोंडाला साबण, आणि थोरला कारागीर उस्तरा हातात धरून विलीनीकरण का नको ते समजावतोय. वडील साबणातूनच उत्तर देत. रांगेत बसलेले लोक आपली दाढी विसरून ऐकत. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, चौतीस हजार मतांनी फूल पडलं, आणि वडिलांनी दुकानात जाणं बंद केलं. तीन आठवडे दाढी वाढलेली. चौथ्या आठवड्यात तोच पेटी घेऊन अंगणात उभा. म्हणाला, "मत वेगळें आसूं येता, पूण खाड कित्याक वाडयता?" वडील मुकाट्यानं पाटावर बसले.

"मग विलीनीकरणावर बोलले नाहीत परत?"

"बोलले की. त्याच दिवशी. अर्धी दाढी झाल्यावर."

शंभू म्हणाला, चौतीस हजारांनी हरल्यावरही मास्तर अजून प्रचार करतात. मास्तरांनी त्याच्या दहावीच्या गणिताचे मार्क काढले. ते आकडे इथं देत नाही, कारण शंभूनं चहाचे पैसे दिले.

उमेशचा राग एव्हाना उतरला होता. त्यानं नवा सूर काढला. आता अशी माणसं कुठं राहिली, सगळ्या दुकानांत भायले, बिहार नाहीतर यूपी. आपला भोवरा त्यांना काय कळणार?

यावर शंभू पहिल्यांदा खरोखर तापला. "२०२० च्या मे महिन्यात तेच भायले रेल्वेनं गावी गेले तेव्हा तूच म्हणत होतास ना, कधी येतील परत? बायकोनं शिवणाच्या कात्रीनं कापले होते तुझे केस. मागे पायरी पडली होती, पायरी! महिनाभर टोपी घालून गोळ्या विकल्यास. आपल्या कारागिराचा मुलगा सरकारी नोकरीत गेला, चांगलं झालं, त्यानं का उभं राहावं बारा तास? मग जो उभा राहतो त्याला नाव का ठेवायचं? तुझ्या मुलाला दे पाठवून कात्री धरायला."

उमेश काही बोलला नाही. मला शंभूचं पटलं. आमच्या त्याच दुकानात आता दरभंग्याकडचा एक पोरगा आहे. पहिल्या वेळी त्यानं माझा भोवरा चुकवला, दुसऱ्या वेळी विचारलं, तिसऱ्या वेळी विचारावं लागलं नाही. दोन वर्षांत तो "किते खबर" म्हणायला शिकला. त्याला आम्ही "अरे ए" म्हणून हाक मारतो, तेवढं बंद व्हायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या आपलं डोकं ज्यांच्या हाती दिलं, त्यांना वयाचा मान न देता एकेरीत बोलावलं. मास्तर यावर हळूच म्हणाले की त्यांचे वडील त्या पेटीवाल्याला "तू" म्हणायचे आणि तो वडिलांहून नऊ वर्षांनी मोठा होता.

नितीनला गप्प बसवत नाही. "तुमच्याकडे हेड मसाज तरी मिळतो का? मान मोडून देतात आमच्याकडे. कडाक! सगळा ताण जातो."

"मान मोडून घेऊ नकोस," उमेश एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाला. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्यानं आतल्या अस्तराला चीर गेली तर गाठ होते, ती वर गेली तर अर्धांग. नुसती मान मागे टाकूनही होतं. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरनं पार्लरमध्ये बेसिनवर मान टाकून केस धुतलेल्या बायकांना झटका आल्याचं लिहून ठेवलं, आणि २०२२ मध्ये हैदराबादला एका बाईला तसंच झालं.

मी मागच्या वर्षी पणजीत एका दुकानात हे भोगलंय. न विचारता त्यानं हनुवटी धरली आणि फिरवली. तीन दिवस मान वळेना, गाडी मागे घेताना सगळं अंग वळवावं लागायचं. "नको" म्हणायला अर्धा सेकंदही मिळाला नव्हता. विचारायला काय जातं?

आमचा कारागीर विचारायचा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तो दर तिसऱ्या रविवारी सकाळी घरी यायचा. आधी विचारायचा, "आज उजव्या कुशीवर की डाव्या?" उशीवर कालचा गोमन्तक अंथरायचा. बाबांना बोलता येत नव्हतं, तोच बोलायचा, पाऊस, मासळीचा भाव, कोणाची म्हैस व्याली. एक बाजू झाली की पाठीला उशी लावून त्यांना वळवायचं, मग दुसरी. पैसे दुकानातलेच घ्यायचा, जास्त दिले तर टीपॉयवर ठेवून जायचा. बाबा गेले त्या आठवड्यात माझं मुंडण त्यानंच केलं. उस्तरा त्या खुणेपाशी आला तेव्हा त्याचा हात थांबला, मग वळसा घालून गेला. दोघंही काही बोललो नाही.

हे सांगून झाल्यावर कट्ट्यावर थोडा वेळ फक्त गाड्यावरच्या तव्याचा आवाज होता.

मग उमेशनं माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, "तुझा भोवरा एकच ना? मला दोन आहेत. आजी म्हणायची, दोन भोवरे म्हणजे दोन बायका."

"वहिनींना सांगितलंस?" शंभू.

"लग्नाआधीच सांगितलं. ती म्हणाली, दुसरीला मी बघून घेईन."

पलीकडे पोरं दिवाळीचा नरकासुर उभा करत होती. बांबूचा सांगाडा झाला होता, पोटात गवत भरून कागदही चिकटवले होते, फक्त डोकं बाकी. एकजण काथ्याचा पेंढा घेऊन आमच्याकडे आला. "काका, यंदा केस कसे करूया? गेल्या वर्षी लांब केले तर बाजूच्या वाड्यानं नंबर मारला."

शंभूनं नितीनकडे बोट दाखवलं. "ह्याला विचार. बाजूला दोन नंबर, वर टेक्स्चर."

नितीन उठायला लागला, पण पोरानं मोबाईल काढून त्याच्या डोक्याचा फोटो घेतलाच. एक समोरून, एक बाजूनं. "काका, जरा मान वळवा," तो म्हणाला, आणि मास्तर सोडून सगळे एका आवाजात ओरडले, "मोडू नको रे!"

मास्तर हसता हसता कट्ट्यावरून घसरत होते, त्यांना उमेशनं धरलं.