माशी, लाल टिपका आणि कट्ट्यावरचे नेमबाज

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो गावाकडे अजून फिरतोय. साधा चष्मा, एक हात खिशात आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूलचं रौप्य. खाली ठरलेलं वाक्य: खऱ्या नेमबाजाला काय बी लागत नाही. मग बोट वळतं इकडे अमेरिकेत राहणाऱ्यांकडे. तुम्ही पिस्तुलावर काच बसवता, त्यात लाल टिपका बघता, ही कसली नेमबाजी? टिपका ठेवला, दाबलं, कोण बी मारतंय की! बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही कट्ट्यावर बसा, हेच ऐकाल. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पिस्तुलाचं एक काडतूससुद्धा झाडलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

दिकेचच्या खिशातला हात सगळ्यांना दिसला, दुसऱ्या हातातलं पिस्तूल कुणी पाहिलं नाही. ते मॅच एअर पिस्तूल आहे. त्याची मूठ तळहाताच्या मापाने बसवतात, नेम धरायची मागची खाच स्क्रूने हलते आणि चाप ओढायला लागणारं वजन किमान ५०० ग्रॅम ठेवून हवं तसं लावता येतं. १० मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. तिथे डॉट, म्हणजे लाल टिपक्याची साइट, चालत नाही, कारण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या, बिनकाचेच्या साइट चालतात. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, मागच्या खाचेत बसवण्याचं कौशल्य हीच तिथली परीक्षा. राही सरनोबतने २०१८ला एशियाडचं २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, तेव्हा कोल्हापूरइतकाच आनंद सीमाभागाला झाला, आणि व्हायलाच हवा. पण एका खेळाचा नियम उचलून सगळ्या नेमबाजीवर लावायचा, हे कुठलं न्यायशास्त्र?

आणि हे काल निघालेलं फॅडही नाही. काचेवर परावर्तित होणाऱ्या खुणेची कल्पना आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रबने १९००मध्ये मांडली. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५मध्ये बॅटरीवरची पहिली रेड डॉट साइट बाजारात आणली. आपल्या पॅरा कमांडोंच्या टॅव्हर रायफलींवर अशीच काचेची रिफ्लेक्स साइट कित्येक वर्षं आहे, आणि कमांडो शिक्षणाची शाळा तर बेळगावातच आहे. तिथल्या पोरांना कुणी जाऊन सांगून बघा, तुमची नेमबाजी खोटी म्हणून.

आता मुद्दा, टिपका नेम शिकवतो का? नाही. तो फक्त एक काम कमी करतो. लोखंडी साइटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. ग्लॉक १९ पिस्तुलावर खाच आणि माशी यांच्यात जेमतेम १५ सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर गोळी साडेसहा सेंटिमीटर बाजूला जाते. डॉटमध्ये ही जुळवाजुळव नाही. नजर लक्ष्यावर, टिपका त्याच्यावर तरंगतो. बस्स, एवढीच सवलत. मूठ, मनगट, चाप, धीर, हे सगळं जिथल्या तिथे.

उलट सुरुवातीला टिपका जास्त छळतो. नेहमीच्या डॉटची काच साधारण २२ मिलिमीटर रुंद असते, डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर. हिशोब केला तर मनगट डावी-उजवीकडे एका अंशाने वळलं, की टिपका काचेबाहेर. उंचीत तर एक अंशसुद्धा मिळत नाही. माशी चुकली तर निदान कुठल्या बाजूला चुकली ते दिसतं. टिपका गेला तर काहीच दिसत नाही. नवखा मग पिस्तूल गोल-गोल फिरवत टिपका हुडकत बसतो. बहुतेक वेळा नळी वर झालेली असते आणि टिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर असतो, कारण हात कमानीसारखा वरून खाली येतो. उपाय जुनाच आहे: पिस्तूल छातीपासून वर डोळ्याच्या रेषेत आणायचं आणि शेवटचे १०-१५ सेंटिमीटर सरळ पुढे ढकलायचं. तरी नाही दिसला तर नळी किंचित खाली. उंच लोखंडी साइट असतील तर आधी माशी शोधायची, टिपका तिच्या डोक्यावरच मिळतो.

हे शिकायला काडतूस लागत नाही. मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर पक्की भिंत. भिंतीवर नाण्याएवढा कागद चिकटवायचा, त्याच्याकडे बघायचं आणि पिस्तूल नजरेकडे आणायचं. रोज दहा मिनिटं. नजर टिपक्याकडे धावत असेल तर काचेच्या पुढच्या बाजूला अपारदर्शक टेप लावायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एका डोळ्याला टिपका, दुसऱ्याला लक्ष्य, मेंदू दोन्ही एकत्र करतो. टेप लावूनही जमलं तर नजर लक्ष्यावर आहे असं समजायचं.

टिपका थरथरतो, हे दुसरं दुखणं. तो पिस्तुलासोबतच हलतोय, माशीही तेवढीच हलत होती, फक्त दिसत नव्हती. तो मध्यावर आला की झटकन दाबण्याचा मोह होतो आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे जाते. मॅगझिनमध्ये दोन-तीन डमी काडतुसं मिसळून भरा. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, त्या क्षणी टिपका कुठे उडी मारतो ते बघा. दुसरा पुरावा लागत नाही.

बसवतानाच्या चुका तर वेगळ्याच. इथे पोरं दुकानातून आणतात, हाताने पिळतात आणि शंभर गोळ्यांत काच सैल. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आणि डॉटखालची प्लेट अल्कोहोलने पुसून तेल काढायचं, स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) छोटा थेंब, आळीपाळीने साधारण १२ ते १५ इंच-पाउंड टॉर्क (कंपनीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं), मग २४ तास हात लावायचा नाही. स्क्रूच्या डोक्यावरून नेलपॉलिशची एक रेघ, म्हणजे सरकला तर कळेल. स्क्रू जास्त लांब असेल तर ग्लॉकमध्ये तो एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) दांड्याला दाबतो, पुंगळी नीट बाहेर पडत नाही आणि लोक दोष पिस्तुलाला देतात. बॅटरी वर्षातून एकदा, आठवणीच्या दिवशी. गणेश चतुर्थी चालेल.

सर्वांत गंमत फौजींची. बेळगाव तालुक्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा पेन्शनर नाही असं गाव शोधावं लागेल. एसएलआर, इन्सास रायफली, लोखंडी साइट. शिस्त घेणं, म्हणजे नेम धरणं, म्हणजे काय ते त्यांना झोपेतही माहीत. चाप हळू ओढण्याचं त्यांचं वळण इथल्या शूटिंग रेंजच्या शनिवारच्या लेनवरच्या निम्म्या लोकांना नाही, जे तासाभरात दोनशे गोळ्या जाळून घरी जातात. डॉटला हसण्यात हेच काका सगळ्यांत पुढे असतात. आणि डॉटचा खरा फायदा त्यांनाच आहे. पंचेचाळीशीनंतर हाताच्या अंतरावरची माशी धूसर होते. चष्मा वाचायचा लावला तर लक्ष्य धूसर, लांबचा लावला तर माशी धूसर. डॉटला लांबचा चष्मा पुरतो. टिपका द्राक्षाच्या घडासारखा फुटलेला दिसला तर मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल असेल तर दोष बुबुळाचा आहे, साइटचा नाही. आधी टिपक्याचा उजेड कमी करून बघा, मग डोळ्याचा डॉक्टर.

कट्ट्यावरचा दुसरा गट उलटा: लायसन काढू, डॉट लावू. ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, आणि .३२च्या देशी पिस्तुलाच्या स्लाइडवर डॉट बसवायची खाचच नसते. शिकायचंच असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्याच्या वरच्या ११ मिलिमीटरच्या खाचपट्टीवर साधा डॉट बसतो. स्प्रिंगवालं घेऊ नका, त्याचा उलटा धक्का स्वस्त डॉटची सर्किटं मोडतो.

इथे अमेरिकेत सगळं सोपं आहे, असं म्हणणं मला सोयीचं जातं. शाळेत पोरांना बाकाखाली लपायचा सराव देतात, ते उदाहरण मी या वादात काढत नाही. एच-१बी व्हिसावर असताना शिकारीचा परवाना असल्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, हेही गावाकडच्यांना सांगत नाही. आणि दुकानातून बंदूक घेताना भरायचा फॉर्म ४४७३? त्यात जन्मस्थानाच्या रकान्यात परदेशात जन्मलेल्याने फक्त देश लिहायचा. बेळगाव की बेळगावी, कर्नाटक की महाराष्ट्र, कुणी विचारत नाही. ज्या प्रश्नावर १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, आमची दुकानं बंद होत आली, तो प्रश्न या कागदावर नाहीच. सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच राग येतो, की विचारलं का नाही. सीमाभाग सोडलेल्याला तो कुठेच मोजला जात नाही, याची सवय दोन्हीकडे होते.

वाद हवाच असेल तर खरा वाद घ्या: झिरो, म्हणजे टिपका आणि गोळी एका बिंदूवर जुळवणं, १० यार्डांवर की २५? ९ मिलिमीटरची १० यार्डांवर जुळवलेली गोळी २५वर सुमारे २ सेंटिमीटर वर लागते. २५वर जुळवलेली १० यार्डांवर साधारण १ सेंटिमीटर खाली आणि ३ यार्डांवर जवळपास २ सेंटिमीटर खाली, कारण काच नळीच्या वर बसते. एक क्लिक बहुतेक डॉटवर १ एमओए (अंशाचा साठावा भाग), म्हणजे २५ यार्डांवर साडेसहा मिलिमीटर. मी २५च्या बाजूचा. १०वर राहिलेली चूक २५वर अडीचपट होते. मात्र नवख्याने आधी १०वर, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून (स्लाइड नव्हे) पाच-पाच गोळ्यांचे गट जुळवावेत. २५वर गट तळहाताएवढा पसरत असेल तर जुळवणीच्या स्क्रूला हात लावू नये, तो पसारा साइटचा नाही.