‘पुण्यात बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी चंद्रपूरकडच्या, वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळसाखाणींवर लेख लिहिला. खाण बंद झाली की पाण्याचा उपसा थांबतो, भूजल पुन्हा चढतं, आणि जुन्या भुयारांवरची जमीन त्यानंतरही कित्येक वर्षं खचू शकते, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर ‘चांद्याचा माणूस’ (चांदा म्हणजे चंद्रपूर) या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी:

“मॅडम, पुण्यात बसून आमच्या कोळशावर हळहळणं सोपं आहे. तुमचा एसी त्याच कोळशावर चालतो. राखेच्या विटा होतात, सिमेंट होतं, ते सोयीस्कर गाळलंत. आपल्या कोळशात गंधक नाही, तरी पाणी खराब झालं म्हणता. खाणी बंद झाल्यावर आमच्या पोरांनी काय करायचं, यावर एक ओळ नाही. पुस्तकी लेख.”

प्रतिक्रियेखाली दोन ओळी लिहून मोकळी झाले असते. पण ‘पुण्यात बसून’ हे मी फार वर्षं ऐकत आलेय. परिसंवादात ऐकलंय, विद्यार्थ्यांच्या पालकांकडून ऐकलंय, आता इथेही. त्यामुळे या वेळी सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, माझ्या घरात एसी नाही. तुम्ही न विचारता गृहीत धरलंत म्हणून सांगते. फ्रिज आहे, पंखे आहेत, पाणी चढवायचा पंप आहे, तेव्हा विजेचा मुद्दा मी टाळत नाही. एक युनिट वीज करायला आपल्याकडचा साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग राख असतो. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर त्या घराच्या नावावर दर महिन्याला चाळीस-पन्नास किलो राख लागते. ती राख माझ्या कोथरूडच्या गच्चीवर पडत नाही. वीज इकडे येते, राख तिकडे राहते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्टची एकदिश (डीसी) प्रवाहाची वाहिनी टाकली आहे, ७५२ किलोमीटर लांब. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाची वीज पश्चिम टोकाला न्यायचं तिचं काम. मग त्या राखेबद्दल बोलायची जबाबदारी कोणाची? माझ्या मते, तारेच्या या टोकाला बसलेल्यांची जास्त. मी पुण्यात बसते म्हणूनच लिहिते. तुम्ही जे कारण मला गप्प करायला वापरलंत, त्याच कारणासाठी मी तो लेख लिहिला.

आणि दुसऱ्याच्या विजेसाठी आपली जमीन जाते म्हणजे काय, हे पुण्याला कळत नाही असं समजू नका. मुळशी आमच्या जिल्ह्यातच आहे. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने तिथे सत्याग्रह झाला. धरण टाटांचं, वीज मुंबईची आणि पाण्याखाली गेलेली भातखाचरं मावळ्यांची. आजही तिथे वीज कोणाला आणि पाणी कोणाला हा वाद मिटलेला नाही.

आता ‘पुस्तकी’ या शब्दाकडे येते. तो मला लागला, ते लपवत नाही.

माझे वडील रेल्वेत होते. माझी प्राथमिक शाळा बल्लारशाहला झाली, रेल्वे क्वार्टरमध्ये राहून. उन्हाळ्यात आई पापड वाळत घालायची तेव्हा वर जुनं लुगडं पसरायची, तरी खाताना दाताखाली कचकच यायची. कोळशाची भुकटी पुस्तकात वाचायच्या आधी मी तोंडात अनुभवली आहे. पुढे भूशास्त्र घेतलं तेही त्याच गावामुळे. नोकरीतली सुरुवातीची वर्षं भद्रावती, राजुरा, वरोरा या भागात विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली. एकटी बाई विहिरीत टेप सोडून काय बघते म्हणून माणसं जमायची. राजुऱ्याकडच्या एका घराने मला महिनोन्महिने जेवू घातलं. त्यांची विहीर मी मोजत होते आणि ती माझ्या डोळ्यांदेखत कोरडी पडली. त्या घरच्या काकूंनी मला कधी ‘तुम्ही पुण्याच्या’ म्हणून बाजूला काढलं नाही. तुम्ही, ज्यांना मी ओळखतही नाही, एका ओळीत काढलंत.

ती विहीर का आटली, हे पुण्यात बसून कळलं नसतं, एवढं मात्र मान्य. पुण्याचा खडक बेसाल्ट. इथे वरती मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, मग काळा पाषाण. पाणी सांध्याफटींत आणि झिजलेल्या थरात अडकलेलं. एका शेतात उपसा वाढला तर शेजारच्या शेतातल्या विहिरीला फरक पडेल किंवा पडणारही नाही, इतकं ते तुटक असतं. चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांवर ‘कामठी’ नावाच्या थरांचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड आहे. तो सच्छिद्र, सलग आणि पाण्याने भरलेला. तिथे उघडी खाण खोल नेली की भिंतीतून पाणी येतं, ते रात्रंदिवस उपसावं लागतं, आणि ओढ खाणीच्या कुंपणापाशी थांबत नाही. लांबच्या गावांतल्या विहिरींची पातळी खाली जाते. खाणीच्या पंपाचा आणि आपल्या विहिरीचा संबंध त्या गावांना कागदावर दाखवता येत नाही, कारण दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून कोणी बघत नाही. मी ते काम केलंय. त्याला पुस्तकी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

राखेबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. तिचा वापर होतो हे मी लिहायला हरकत नव्हती. तुमच्याच जिल्ह्यात चुनखडीमुळे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, आणि राख मिसळून करतात त्या पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख घालायला भारतीय मानकाची परवानगी आहे. पण सिमेंटवाल्यांना हवी असते ती धुराड्याआधी पकडलेली कोरडी, बारीक राख. पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली, वर्षानुवर्षं साचलेली राख तितक्या आनंदाने कोणी उचलत नाही. शिवाय आपल्या कोळशात राख एवढी का, हेही बघा. गोंडवन नावाच्या थरांतला हा कोळसा २८ कोटी वर्षांच्या आसपासचा. नद्यांनी झाडपाला वाहून आणून खचलेल्या खोऱ्यांत टाकला, त्याबरोबर गाळ आणि मातीही आली. ती माती कोळशात इतकी मुरलेली आहे की धुऊनही पुरती निघत नाही. म्हणजे विटा कितीही पाडल्या तरी दर टनामागे ही माती जमिनीवर येतच राहणार.

गंधकाचं म्हणाल तर ते कमी आहे, ‘नाही’ असं नाही. मेघालयात गंधकाच्या कोळशामुळे नद्यांचं पाणी आम्लधर्मी झालं, तसं चंद्रपुरात होतं असं मी लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. मी क्षार आणि सल्फेट (गंधकापासून बनणारा क्षार) वाढण्याबद्दल लिहिलं होतं, आणि ते खाणीवरच्या मातीच्या ढिगाऱ्यांतूनही उतरतं.

पोरांच्या नोकऱ्यांवर मी लिहिलं नाही, कारण तो माझा विषय नाही. मी दगडाची आणि पाण्याची माणूस आहे. प्रत्येक लेखात सगळ्या जगाचा हिशोब मांडा, अशी अपेक्षा असेल तर कोणीच काही लिहू शकणार नाही. खाणी बंद करा असंही मी कुठे म्हटलेलं नाही. ज्या बंद झाल्याच आहेत, त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. तुम्हाला एवढा राग कशाचा आला, हे मला अजून समजलेलं नाही.

राग यायलाच हवा तर तो तुमच्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसबद्दल यावा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती. भुयारी खाणीत छत तोलायला कोळशाचे खांब ठेवतात. पंप चालू असतात तोवर ते कोरडे राहतात. पंप थांबले की पाणी चढतं, खांब आणि वरचा दगड भिजतो, मऊ पडतो, छताचा एकेक थर ढासळत पोकळी वर सरकते. खाण उथळ असेल तर एक दिवस ती घराच्या जोत्यापर्यंत येते. म्हणून रिकाम्या भुयारांत वाळू भरायची असते, म्हणून नकाशे जपायचे असतात, आणि वर वस्ती होऊ द्यायची की नाही हे ठरवणाऱ्यांच्या हातात ते नकाशे असायला हवे असतात. लेखात मी हेच मागितलं होतं: वर्धा खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या भुयारी खाणींचे नकाशे गावनकाशावर चढवून ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत लावा. त्या मागणीबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. पुणं दिसलं, नकाशा दिसला नाही.

यापुढे टोपणनावाने आलेल्या असल्या प्रतिक्रियांना मी उत्तर देणार नाही. ज्याला दुसऱ्याच्या हेतूबद्दल बोलायचंय त्याने आपलं नाव तरी सांगावं. एक अपवाद मात्र ठेवते. तुम्ही खरोखर चांद्याचे असाल, घरात कोणी खाणीत काम केलेलं असेल, आणि कुठल्या गल्लीखाली भुयार जातं हे त्यांना आठवत असेल, तर हाताने काढलेला साधा आराखडाही पाठवा. माझ्याकडच्या विहिरींच्या नोंदींशी तो मी ताडून बघेन. त्यावर नाव नसलं तरी चालेल.