चुकल्याची खूण

कोणी पत्ता विचारला तर कृपा करून "मॅपवर टाका ना" असं म्हणू नका. दोन मिनिटं थांबा आणि तोंडाने सांगा. म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते इतक्या कळकळीने का म्हणतोय हे सांगायला जरा लांबण लागेल. सवडीने वाचा.

गेल्या रविवारी सकाळी दूध घेऊन घरी येत होतो. पेरुगेटपाशी एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, काखेत गुंडाळलेली गादी, हातात मोबाईल. हिंगोलीकडचा, एमपीएससीच्या तयारीसाठी आलेला. आमच्या सदाशिव पेठेत अशी हजारो मुलं येतात, कॉट बेसिसवर राहतात आणि सगळा दिवस अभ्यासिकेत काढतात. त्याला जागा मिळाली होती एका बोळातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर. आधी तिघांना विचारून झालं होतं. तिघांनीही चालता चालता "मॅप लाव" म्हणून सांगितलं होतं. मॅप तर त्याने लावलेलाच होता! त्यातला निळा ठिपका घडीत या बोळात, घडीत शेजारच्या बोळात जात होता आणि पोरगं गादी सावरत त्याच्यामागे पंधरा मिनिटं फिरत होतं.

यात त्या मुलाची चूक नाही आणि मॅपचीही नाही. जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यातल्या निदान चारांचे संदेश मिळाले की फोन आपली जागा ठरवतो आणि मोकळ्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर निघते. पण पेठेतल्या बोळात मोकळं आकाश कुठून आणायचं? दोन्हीकडे चार-चार मजले. संदेश भिंतींवर आपटून किंचित उशिरा पोचतात, तेवढ्याने हिशेब चुकतो आणि ठिपका पलीकडच्या बोळात जाऊन बसतो. आमच्याकडचे काही बोळ तर त्या पाच मीटरपेक्षाही अरुंद आहेत.

त्या मुलाला मी पत्ता सांगितला आणि तो पोचलाही. पण ती सांगण्याची रीत माझी नव्हे, अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. पेठेतच कोपऱ्यावर त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती, पंक्चर आणि तासावर भाड्याने सायकली. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. दुकान कोपऱ्यावर, त्यामुळे पत्ता विचारणाऱ्यांची रीघ. पुण्यात काही दुकानांवर "येथे पत्ता सांगितला जाणार नाही" अशा पाट्या दिसतात, त्यांचे फोटो फिरतात, लोक हसतात. मला त्या पाट्यांचा राग येत नाही. कोपऱ्यावर बसणाऱ्याला दिवसभर तोच तो प्रश्न येतो, धंद्यातून सारखं उठावं लागतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. शेजारच्या दुकानदाराने तशी पाटी लावली तेव्हा "तुम्हालाही एक रंगवून देतो" असं तो अण्णांना म्हणाला होता. अण्णा म्हणाले, "नको. विचारणारा दमून आलेला असतो. त्याला पाटी कुठं वाचायला लावतोस?"

आणि सांगायचे कसे! हातातली ट्यूब पाण्याच्या टबात तशीच सोडायचे, चिंधीला हात पुसत पायरी उतरून रस्त्यावर यायचे आणि त्या माणसाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे. समोर कधीच उभे राहायचे नाहीत, कारण मग आपला डावा हात तो त्याचा उजवा होतो. मग हातातल्या पान्याने दाखवायचे. "हा रस्ता सरळ धरायचा. डाव्या हाताला पिठाची गिरणी लागेल, दिसायच्या आधी वास येईल. ती ओलांडायची नाही. गिरणीच्या अलीकडचा बोळ." तीनपेक्षा जास्त वळणं कधी सांगायचे नाहीत. चौथं डोक्यात राहत नाही म्हणायचे. "तिसऱ्या वळणावर पानवाला आहे, पुढचं त्याला विचारा, त्याला सगळं ठाऊक आहे." आणि एवढं झाल्यावर: "आता तुम्ही मला सांगा बघू." तो माणूस शाळेतल्या मुलासारखा सगळं परत म्हणून दाखवायचा. एखादा अडखळला तर अण्णा खडूने पायरीच्या शहाबादी फरशीवर काढून द्यायचे.

सगळ्यात शेवटी चुकल्याची खूण. हा शब्द त्यांचाच, मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. "शाळा दिसली तर पुढं गेलात म्हणून समजा. मागं फिरा."

मला या चुकल्याच्या खुणेचं आज जेवढं मोल वाटतं तेवढं तेव्हा वाटत नव्हतं. रस्ता माहीत असलेला कोणीही रस्ता सांगेल. हा नवखा माणूस नेमका कुठे चुकेल, हे आधीच त्याच्या पायांनी जाऊन बघून येणं ही निराळी गोष्ट आहे. चुकलेल्याला मॅप लगेच नवा रस्ता काढून देतो, तेही चांगलंच आहे. पण आपण चुकलो हे कळायला मान खाली घालून स्क्रीनच बघावा लागतो. अण्णांनी वाटेला लावलेला माणूस मान वर करून शाळा शोधत जायचा. आणि तो पहिल्या वळणाला लागेपर्यंत हे रस्त्यातच उभे. भलतीकडे वळला की शीळ.

आपल्या भाषेतच ही सोय आहे, याचंही मला फार अप्रूप वाटतं. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे दोन शब्द घ्या. गिरणीच्या अलीकडे म्हणजे कुठल्या बाजूला? जो चालतोय त्याच्या बाजूला. तो स्वारगेटकडून येत असेल तर एक अलीकडे, अलका टॉकीजकडून येत असेल तर दुसरं. सांगणाऱ्याला मनाने त्याच्याबरोबर चालावंच लागतं, त्याशिवाय हे शब्द वापरताच येत नाहीत. गावाकडे गेलात तर उगवतीला, मावळतीला, वरच्या अंगाला, ओढ्याच्या पल्याड. आणि ‘हाकेच्या अंतरावर’. किती मीटर ते सांगता येणार नाही, पण तिथून ओरडलं तर कोणाला तरी ऐकू जाईल, एवढी खात्री त्या अंतरात आहे. मॅपचा आवाज मराठीत लावता येतो, मी तोच लावतो. तो मीटर सांगतो. २०० मीटर म्हणजे किती पावलं, हे माझ्या आईला कधी समजलं नसतं. "दोन विजेचे खांब सोडून" म्हटलं की ती बरोबर पोचायची.

आमच्या शहराची नावं बघा. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती. परगावचे लोक या नावांची मजा करतात, पण मला वाटतं ती पत्ता सांगता सांगताच पक्की झाली असणार. ज्या गावात मारुतीची इतकी देवळं, तिथे नुसतं "मारुतीच्या देवळापाशी" म्हणून कोण पोचेल? एकाला जिलब्या म्हटलं, दुसऱ्याला भिकारदास म्हटलं, म्हणजे माणूस चुकत नाही. आणि ही नावं टिकतात. लकडी पुलाचं लाकूड जाऊन किती पिढ्या झाल्या, कागदावर तो संभाजी पूल आहे, तोंडात लकडी पूलच. डेक्कनवर नटराज टॉकीज उरलेलं नाही, माझ्या वयाची मंडळी अजून "नटराजपाशी भेटू" म्हणतात. कर्वे रोडच्या नळ स्टॉपला नळ नाही, पण मेट्रो आली तेव्हा स्टेशनच्या पाटीवर तेच नाव लागलं. लोकांच्या तोंडी जे होतं ते मेट्रोलाही घ्यावं लागलं, याचा मला आनंद झाला.

यंत्रं बनवणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे. भारतातले लोक रस्त्याच्या नावाने जात नाहीत, खुणांवरून जातात, हे ओळखून गूगलने २००९ साली इथल्या मॅप्समध्ये खुणांवरून रस्ता सांगायला सुरुवात केली. त्याच्याही कितीतरी आधी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवून दिला. संस्कृतचे पंडित आणि कवी असलेला मराठी माणूस. सहा आकड्यांत अख्ख्या देशाची टपाल वाटणी! ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेत येतं. तिथून पुढे दारापर्यंत मात्र पोस्टमन. आता २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला आहे, दहा अक्षर-आकड्यांचा, साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनापर्यंत नेमका. मोठं काम आहे, त्याचा उपयोगही होईल. पण त्या चौकोनात शिरायचा जिना पुढून आहे की मागून, हे त्यातून समजत नाही. आणि एखाद्या रात्री सगळं त्या जिन्यावरच येऊन अडतं.

श्रावणातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या छातीत दुखायला लागलं. घरात त्या आणि काका दोघंच, काकांना नीट ऐकू येत नाही. माझ्या मुलाने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली, लोकेशन पाठवलं. सगळं चपळाईने केलं त्याने. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन: "पोचलोय, गेट बंद आहे." मॅपवर आमच्या इमारतीची पिन पडते मागच्या बोळात. वाडा पाडून इमारत झाली तेव्हापासून तिथलं लोखंडी फाटक कुलूप लावून बंद आहे. येण्याजाण्याची वाट दुसऱ्या बोळातून. मुलगा म्हणाला, "लोकेशन परत पाठवतो." परत पाठवलं. ड्रायव्हर फिरून पुन्हा त्याच फाटकाशी. "कुठून येऊ ते सांगा हो," तो म्हणत होता आणि माझ्या मुलाला, ज्याचा जन्म याच पेठेतला, वय वर्षं एकोणीस, सांगता येईना. रस्ता त्याला माहीत होता. डोळे मिटून गेला असता. दुसऱ्याला तोंडाने सांगायची वेळच त्याच्यावर आजवर आली नव्हती.

मी फोन घेतला आणि विचारलं, "तुमच्या समोर आत्ता काय दिसतंय?" तो म्हणाला, "डावीकडे बंद शटर, वर निळा पत्रा." मला कळलं तो कुठे आहे, तोंड कुठे आहे. "गाडी तशीच मागे घ्या. डेअरीचा बोर्ड दिसला की थांबा. आता डेअरीला खेटून डावीकडे." तीन मिनिटांत गाडी दारात आली. पण त्याआधीची अकरा मिनिटं गेली ती गेलीच. काकू आता बऱ्या आहेत, सकाळी गच्चीत फेऱ्या मारतात. मी त्या अकरा मिनिटांचा विचार अजून करतो.

मुलाला मी रागावलो नाही. चूक असलीच तर माझी आहे. अण्णांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं करून शिकवलं, मी त्याला कधी शिकवलं नाही, कारण गरजच पडली नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना तिथले हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असं २००० साली तिथल्या संशोधकांना आढळलं. आणि २०२० साली मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची जागा लक्षात ठेवण्याची शक्ती कमी भरते. माझ्या मनात आहे ते थोडं वेगळं. रस्ता लक्षात राहिला तरी तो दुसऱ्याच्या जागी उभं राहून सांगणं, हा सराव निराळा. तो दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय होत नाही.

मॅप नको, असं मी म्हणतच नाही. माझी धाकटी बहीण रात्री उशिरा कामावरून यायची तेव्हा अनोळखी चौकात अनोळखी पुरुषांना रस्ता विचारायचं तिच्या जिवावर यायचं. मॅप आला आणि ती भीती गेली, असं ती म्हणते. ते मी कधी विसरणार नाही. मराठी न येणारा, बिहारहून आलेला पार्सलवाला मुलगाही मॅपमुळेच चार घरं जास्त करतो. ज्याला मॅप पुरतो त्याने खुशाल वापरावा. पण जो माणूस मॅप हातात असून तुमच्यासमोर येऊन विचारतो, त्याला तो पुरलेला नाही, हे तर उघड आहे ना? मग त्यालाच परत मॅपकडे का पाठवायचं?

आणि असे लोक येतच राहतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा म्हातारी वारकरी माणसं विचारत येतात, "माउली, निवडुंग्या विठोबा कुठल्या अंगाला?" त्यांच्या कमरेला साधा बटणांचा फोन असतो. गणपतीत रस्त्यारस्त्यावर मांडव पडतात, वाहतूक वळवलेली असते, तेव्हा कुठला बोळ मोकळा आहे हे त्या बोळातल्या माणसालाच ठाऊक असतं.

श्रावणातल्या त्या रात्रीनंतर मी एक काम केलं. आमच्या घरी कसं यायचं ते तीन वाक्यांत लिहून काढलं आणि मुलाला वाचून दाखवायला लावलं. मग तो खाली रस्त्यावर गेला आणि मी त्याला फोनवर, नवख्याला सांगावं तसं, सांगितलं. मग मी खाली आणि तो वरून सांगणार. पहिल्यांदा तो डावं-उजवं माझ्याकडून न धरता स्वतःकडून धरत होता. तिसऱ्या वेळी आपणहून विचारलं त्याने, "बाबा, तुमचं तोंड कुठं आहे?" तो कागद आता आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, फोन करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील असा. इमारतीतल्या बाकीच्या सात घरांनीही तो उतरवून घेतला. शेवटची ओळ अण्णांच्या पद्धतीने घातली आहे: "डाव्या हाताला लोखंडी फाटक लागलं तर बोळ चुकला. मागे फिरा, डेअरीपाशी या."

वरच्या काकूंना माझं अक्षर बारीक वाटलं. परवा मुलाने त्यांना जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून दिला.